धूळपाटी, उजळणी व मोडी कित्ता: जुन्या मराठी शाळेंतील शिक्षणाचें एकरूप

जुनीं दप्तरें सोडण्याचें काम ज्यांनीं केलें आहे त्यांस एक गोष्ट नवीन नाहीं. रुमालाची गांठ सुटली कीं आधीं सनदा, इनामपत्रें, महजर व निवाडे वेगळे निघतात. नंतर हिशेबी कागद निघतात. आणि शेवटीं तळाशीं कांहीं बंद असे राहतात कीं त्यांवर एकच ओळ दहा वेळां, वीस वेळां लिहिलेली असते. पहिल्या ओळींत अक्षर सुबक, खालीं खालीं बिघडत गेलेलें, मध्येंच शाईचा डाग, आणि पाठीमागें पाढ्यांचे अर्धवट आंकडे. त्यांवर शक नाहीं, सही नाहीं, शिक्का नाहीं. संशोधक ते बंद उलटेपालटे करतो व मुलांचें गिरवणें म्हणून बाजूस सारतो. आम्हींही पुष्कळ वर्षें असेंच केलें. एका घरीं तर मालकांनीं विचारलें असतां, ह्यांत इतिहास नाहीं, असें उत्तर आम्हींच दिलें. पुढील खेपेस गेलों तेव्हां ते बंद बंबांत गेले होते. त्या उत्तराचें ऋण अंशतः तरी फिटावें म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

विषय आजच्या चर्चेशीं अगदींच असंबद्ध आहे असें नाहीं. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें शिक्षण समग्र असावें, मुलाचें मन, हात, वाणी व व्यवहार ह्यांचे तुकडे पाडून तें दिलें जाऊं नये, असा आग्रह धरला आहे. आणि प्राथमिक शाळेंतील मुलाचें प्रगतिपत्रकही समग्र असावें असें म्हटलें आहे. ह्या निमित्तानें जुन्या पंतोजींच्या शाळेचें नांव पुन्हां निघूं लागलें आहे. एक पक्ष म्हणतो, आमच्या गांवठी शाळांत हें सर्व होतेंच, इंग्रजांनीं तें मोडलें. दुसरा पक्ष म्हणतो, त्या शाळांत घोकणें व छडी ह्यांपलीकडे कांहीं नव्हतें. दोन्ही पक्ष आवेशानें बोलतात, आणि त्या शाळेंत मुलगा प्रत्यक्ष काय करीत होता हें दोघेही क्वचितच पाहतात. वरील बंद उपयोगी पडतात ते नेमके येथें.

प्रथम शाळांच्या संख्येविषयीं थोडें. पेशवाई १८१८ सालीं संपली. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनीं, १८२१ त, मुंबईच्या गव्हर्नरच्या कौन्सिलांतील सभासद प्रेंडरगास्ट यांनीं लिहून ठेवलें आहे कीं आपल्या मुलखांत लहानमोठें असें गांव क्वचितच असेल कीं जेथें निदान एक शाळा नाहीं. मोठ्या गांवीं व शहरीं त्या अधिक. आणि गुरूचें वेतन ओंजळ दोन ओंजळी धान्यापासून फार तर महिना एक रुपयापर्यंत. हें विधान मोघम आहे, व तें लिहिण्यांत सरकारचा खर्च वांचविण्याचाही हेतु असावा असें आमचें मत आहे. कारण शाळा आधींच असतील तर त्या काढण्याचा प्रश्न उरत नाहीं. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं १८२३-२४ त आपला शिक्षणविषयक लेख कौन्सिलापुढें ठेवला व त्याच सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांतून शाळांची माहिती मागविली. तिची गोळाबेरीज १८२९ त झाली ती सबंध इलाख्यांत सुमारें १,७०० शाळा व सुमारें ३५,००० विद्यार्थी अशी होती. लोकसंख्या तेव्हां सुमारें सत्तेचाळीस लक्ष धरली होती. म्हणजे प्रेंडरगास्ट म्हणतात त्याप्रमाणें प्रत्येक गांवीं शाळा होती हें खरें ठरत नाहीं. आणि शाळा मुळींच नव्हत्या असें म्हणणाऱ्यांचेंही खरें ठरत नाहीं. घरीं शिकणारीं मुलें ह्या आंकड्यांत आलींच नाहींत हें मात्र लक्षांत ठेवावें. ह्या चौकशीचे मूळ कागद रा. वि. परुळेकर यांनीं परिश्रमपूर्वक एकत्र करून छापले, त्याबद्दल ह्या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकानें त्यांचें ऋण मानलें पाहिजे.

आतां शाळेंत जाऊं. शाळेस स्वतंत्र इमारत नसे. कोणा गृहस्थाच्या वाड्याची ओसरी, देवळाचा ओटा, धर्मशाळा, नाहीं तर पंतोजींचेंच घर. मुलाचें पहिलें साधन धूळपाटी. लांकडी फळीवर विटेची बारीक पूड किंवा धूळ पसरावयाची व त्यांत काडीनें अथवा बोटानें अक्षर उठवावयाचें. चुकलें तर फळी हालविली कीं पुसलें. धूळपाटीवर चुकण्यास खर्च पडत नाहीं, ही गोष्ट दिसते त्याहून मोठी आहे. कागद महाग असलेल्या काळांत मूल शेंकडों वेळां चुकूं शकत असे तें तिच्यामुळेंच. पहिलें अक्षर श्रीगणेशाचें, व त्यामागोमाग ओनामा. ह्या ओनाम्याबद्दल एक विषयांतर करणें अवश्य वाटतें. मूळ शब्द ओं नमः सिद्धं. हा मंगलपाठ कातंत्र व्याकरणाच्या परंपरेंतून, व जैन पाठशाळांच्या वहिवाटींतून, सर्व देशभर पसरला असें विद्वान् मानतात. ज्या पंतोजींनीं तो शिकविला त्यांस त्याचा अर्थ ठाऊक असेलच असें नाहीं, आणि मुलांस तर नसेच. तथापि "ओनामासीधं" ह्या अपभ्रंशांत हजार वर्षांची शाळा बोलत होती. आजही कोणत्याही कामाच्या आरंभास आपण ओनामा म्हणतों.

अक्षर उठवितांना मूल तें मोठ्यानें म्हणत असे. एकाच क्षणीं बोट वळण घेई, तोंड उच्चार करी, कान शेजारच्या मुलाचा उच्चार ऐके, व डोळा धुळींतील रेघ पाही. लिहिणें, वाचणें व बोलणें हे तीन निराळे तास नव्हते. ही पद्धत केवळ आपल्याच प्रांतीं होती असें नाहीं. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ त इक्केरीकडे जात असतां घाटांतील एका देवळाच्या ओसरीवर त्यानें चार मुलगे पाहिले. ते जमिनीवर बारीक वाळू पसरून तींत बोटांनीं आंकडे काढीत होते व काढतां काढतां तेच सुरांत म्हणत होते. गुरु जवळ नव्हता. चुकलांत तर सुधारणार कोण, असें त्यानें विचारलें असतां मुलांनीं सांगितलें कीं आम्ही चौघेही एकदम तीच गोष्ट विसरूं हें शक्य नाहीं. परक्या पाहुण्यानें टिपलेला हा प्रसंग आम्हांस शंभर अहवालांहून मोलाचा वाटतो.

हीच पद्धत पुढें विलायतेस गेली. मद्रासजवळ एगमोर येथील पोरक्या मुलांच्या आश्रमाचे व्यवस्थापक डॉक्टर अँड्र्यू बेल यांनीं १७८९ नंतरच्या वर्षांत तेथील एका देशी शाळेंत मुलें वाळूंत अक्षरें काढतांना पाहिलीं. आपल्या शिक्षकांनीं तें करण्यास आळस केला तेव्हां त्यांनीं मोठ्या मुलांकडूनच धाकट्यांस शिकविण्याचा क्रम पाडला, व १७९७ त लंडनांत त्याविषयीं पुस्तक छापलें. त्यांच्यामागून लँकेस्टर यांनींही तसाच क्रम आपल्या नांवानें रूढ केला. आमच्या पंतोजींच्या शाळेंत मोठ्या मुलानें धाकट्यास अक्षर घालून देणें ही रोजची वहिवाट होती. तिला कोणी पद्धति म्हणत नव्हतें इतकेंच. १८२० नंतर मुंबईस जी शाळा-पुस्तक मंडळी स्थापन झाली तिनें ती लँकेस्टरची पद्धत म्हणून ह्या देशांत परत आणली. घरचा माल परदेशचा शिक्का घेऊन आला म्हणजे त्यास किंमत येते हा प्रकार त्या काळींही नवा नसावा.

धूळपाटीनंतर उजळणी. हिच्याविषयीं सविस्तर लिहिणें जरूर आहे, कारण घोकंपट्टी म्हणून जी निंदा होते ती मुख्यतः हिचीच. एकापासून तीसपर्यंत पाढे झाले म्हणजे अपूर्णांकांचे पाढे सुरू होत: पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी. औट म्हणजे साडेतीन. संस्कृत अर्धचतुर्थ, म्हणजे चवथा अर्धा, ह्यापासून प्राकृतांत अद्धुट्ठ व मराठींत औट. त्याच रीतीनें तिसरा अर्धा तो अडीच व दुसरा अर्धा तो दीड. मोजण्याची ही फार जुनी तऱ्हा असून ती पोथ्यांतून लुप्त झाली तरी मुलांच्या तोंडीं राहिली.

हे पाढे कशाकरितां, हें समजण्यास त्या काळचीं मापें पाहावीं लागतात. रुपयाचे सोळा आणे. शेराचीं दोन मापटीं, मापट्याचीं दोन चिपटीं, चिपट्याचीं दोन कोळवीं. पायलीचे चार शेर. खंडीचे वीस मण. जमिनीस वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, व एकशें वीस बिघ्यांचा चाहूर. सर्वत्र दोन, चार, सोळा व वीस. जेथें नाणें व माप चतुर्थांशानेंच तुटतें तेथें पाव, अर्धा व पाऊण ह्यांचा पाढा येणें म्हणजे बाजार येणें. उदाहरणार्थ, तीन रुपये बारा आणे मणाचा जिन्नस पंधरा मण घेतला. मुलगा म्हणे, पंधरा त्रिक पंचेचाळीस, पंधरा पाउणे सव्वाअकरा, मिळून सव्वाछप्पन. म्हणजे छप्पन रुपये चार आणे. साडेतीन रुपये भावानें सत्तावीस मण असतील तर औटकींत एका दमांत साडेचौऱ्याण्णव. पाटी नाहीं, लेखणी नाहीं. ह्यांत गुणाकार कोठें संपला व व्यवहार कोठें सुरू झाला हें दाखवितां येणार नाहीं. कोष्टक, पाढा व भाव हीं तिन्ही एकच वस्तु होतीं. अर्थात् असेंही होई कीं मुलास औटकी तोंडपाठ, परंतु साडेतीन म्हणजे काय हें विचारलें तर तो गप्प. आणि पंतोजीस तें विचारण्याचें कारणही वाटत नसे. समज मागून दुकानीं किंवा कचेरींत येईल ही त्यांची श्रद्धा होती. बऱ्याच मुलांस ती तशी आलीही.

संध्याकाळीं दिवे लागल्यावर घरीं परवचा होई. देवापुढें बसून मुलें पाढे, तिथि, वार, नक्षत्रें, स्तोत्रें हीं एकामागून एक म्हणत. आजीस अक्षर येत नसलें तरी मुलगा कोठें चुकला हें तिला कळे, कारण तिनें तें आपल्या भावांच्या तोंडून, मुलांच्या तोंडून व आतां नातवंडांच्या तोंडून ऐकलेलें असे. अशा रीतीनें शाळेचा पाठ घरांत शिरे, आणि ज्या स्त्रियांस शाळेचा ओटा बंद होता त्यांच्या कानीं निदान पाढे पडत. हा लाभ फार तोकडा होता हें पुढें सांगणार आहोंच.

ह्यानंतर मोडी, आणि येथें संग्राहकांचा मुख्य संबंध येतो. धूळपाटीवरून मुलगा कागदावर आला कीं पंतोजी त्यास कित्ता घालून देत. वर पंतोजींची ओळ, खालीं मुलाच्या ओळी. मोडीची रीत अशी कीं प्रथम बंदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढावयाची व मग अक्षरें तिला लोंबती जोडावयाचीं. बोरू उचलण्याचें काम जितकें कमी तितका लेखक चांगला. म्हणून मुलाचे पहिले कागद पाहिले तर बहुधा त्यांवर नुसत्या रेघाच असतात. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीं एक सबंध समास लेखनक्रियेस दिला असून त्यांत अक्षरांची गोलाई, ओळींचा सारखेपणा, सोडावयाची जागा, शाई, कागद, लेखण्या व त्या तासण्याचे चाकू ह्या सर्वांचा विचार केला आहे. तो समास बाळबोध अक्षराविषयीं असला तरी दृष्टि तीच: सुंदर अक्षर हा केवळ हाताचा गुण मानलेला नसून मनाच्या स्थैर्याची खूण मानलेला आहे. बोरू तासणें, काजळाची शाई घोटणें, कागदास घोटा देणें, हीं कामें मुलेंच करीत. ह्यांस हस्तव्यवसाय असें नांव कोणीं दिलें नव्हतें.

कित्त्याचा मजकूर काय असे हें विशेष पाहण्यासारखें आहे. आरंभीं जोडाक्षरें व नांवें, मग मायने. वडिलांस तीर्थरूप, धाकट्यास चिरंजीव, बरोबरीच्यास राजमान्य राजश्री, सुवासिनीस सौभाग्यवती, विधवेस गंगाभागीरथी. कोणास विनंति लिहावयाची, कोणास आशीर्वाद, कोणास आज्ञा. शेवटीं "बहुत काय लिहिणें" कोणाच्या पत्रांत शोभतें व कोणाच्या नाहीं. हेमाडपंताच्या नांवावर चालणारीं जीं मेस्तकें आपल्या संग्रहांतून आढळतात त्यांत हाच विषय मोठ्या माणसांकरितां मांडला आहे; शाळेंतील कित्ता म्हणजे त्याच मेस्तकाचा बाळबुटका अवतार होय. मुलगा एक ओळ गिरवीत असतां त्यास अक्षराचें वळण, भाषेची ढब, नात्यांची उतरंड व दरबारची रीत हीं सर्व एकदम मिळत. त्यांतील उतरंड आज आपणांस नकोशी वाटेल; परंतु लेखन, भाषा व नीति असे तीन विषय नेमून त्यांचीं तीन पुस्तकें करण्याची आवश्यकता त्या शाळेस पडली नाहीं ती ह्यामुळें. पुढें त्याच मुलानें कोणा कारकुनाच्या हाताखालीं उमेदवारी केली म्हणजे शिक्षण पुरें. चिटणिशी, बिवलकरी, रानडी अशीं वळणें आपण ओळखतों तीं ह्याच कित्त्यांतून उतरलीं असलीं पाहिजेत.

मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत. त्यामुळें पंतोजींच्या शाळेंतून निघालेला मुलगा उत्तम हिशेबनीस व पत्रलेखक होई, पण त्याच्या हातीं बाळबोध पोथी दिली तर तो अडखळे. हरिविजय, पांडवप्रताप अशा पोथ्या थोडींच मुलें शाळेंत वाचीत. छापील पुस्तक तर नव्हतेंच. नकाशा नव्हता, देशाची माहिती नव्हती, सृष्टीची नव्हती. शिक्षांविषयीं न लिहावें तेवढें बरें. छडी ही सौम्य. अंगठे धरून ओणवें उभें करणें, हात बांधून टांगणें, हेही प्रकार होते, आणि ते आठवणींतून गमतीनें सांगितले जातात ह्याचें आम्हांस नेहमीं आश्चर्य वाटतें. ज्यांना त्या शिक्षांमुळें शाळा सोडावी लागली त्यांनीं आठवणी लिहिल्या नाहींत.

आणि सर्वांत मोठा दोष हा कीं ज्यांच्या पोटाचें साधन लेखणी किंवा तराजू नव्हतें त्यांची मुलें तेथें फारशीं नसत. ब्राह्मण, प्रभु, सोनार, वाणी ह्यांचा भरणा. कुणबी व माळी थोडे. अस्पृश्यांस प्रवेश नाहीं. मुली जवळ जवळ नाहींतच. जें शिक्षण मुलास एकसंध मिळत होतें तें गांवास एकसंध मिळत नव्हतें. जुन्या शाळेचे स्तुतिपाठक समग्र ह्या शब्दाचा पहिला अर्थ घेतात व दुसरा टाकतात. आमचें मतें दोन्ही अर्थ घेतल्याशिवाय ह्या शाळेचा निवाडा करतां येणार नाहीं.

शाळा-पुस्तक मंडळीनें जें नवें केलें त्याचा वृत्तांत बहुश्रुत वाचकांस ठाऊक आहे. तिचे कॅप्टन जॉर्ज जार्विस व सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनीं थोड्या वर्षांत मराठींत शाळेचीं पुस्तकें निर्माण केलीं. लिपिधारा, इसापनीति, आणि १८२८ त छत्र्यांनीं इंग्रजीवरून केलेलें बाळमित्र, हीं त्यांपैकीं प्रसिद्ध. १८२६ त मुंबईस तयार झालेले शिक्षक जिल्ह्यांत पाठविण्यांत आले. १८३६ त दादोबा पांडुरंगांचें व्याकरण निघालें. १८४५ त शिक्षक तयार करण्याच्या वर्गावर बाळशास्त्री जांभेकर यांची नेमणूक झाली. १८५४ च्या खलित्यानंतर १८५५ त विद्याखातें आलें व मेजर कँडी यांच्या देखरेखीखालीं क्रमिक पुस्तकें आलीं. ह्या लोकांची योग्यता मोठी होती, व बाळमित्रांतील गोष्ट वाचणाऱ्या मुलास प्रथमच असें दिसलें कीं छापील पुस्तकांत आपल्याच वयाचीं मुलें बोलतात, हें त्यांचें उपकारकृत्य विसरतां येणार नाहीं. परंतु पुस्तकें जशीं वाढलीं तसे विषय फुटले. वाचन निराळें, व्याकरण निराळें, शुद्धलेखन निराळें, गणित निराळें. प्रत्येकास इयत्ता, प्रत्येकास परीक्षा, प्रत्येकास तपासनीस. बाळबोध ही पुस्तकाची लिपि झाली व मोडी हा एक जादा विषय झाला. परवच्याचा तर सरकारी शाळेशीं संबंधच उरला नाहीं. आणि गंमत अशी कीं पालक बराच काळ हिशेब व मोडी ह्यांकरितां पंतोजींकडेच मुलें पाठवीत राहिले. त्यांच्या दृष्टीनें भूगोलापेक्षां औटकी अधिक उपयोगाची होती.

ह्या सर्व घडामोडींत ज्या एका गृहस्थानें प्रश्न दोन्ही बाजूंनीं पाहिला ते जोतीराव फुले होत. त्यांस अधिकारही होता. लहानपणीं ते पंतोजींच्या शाळेंत गेले होते. मध्यंतरीं वडिलांनीं त्यांस शाळेंतून काढलें. १८४१ त ते स्कॉटिश मिशनच्या शाळेंत गेले. आणि १८४८ त त्यांनीं पुण्यास मुलींची शाळा काढली, तेथें सावित्रीबाई शिकवूं लागल्या. म्हणजे जुनी शाळा, नवी शाळा व जिला कोणतीच शाळा नव्हती ती वस्ती, ह्या तिहींचा त्यांस प्रत्यक्ष अनुभव होता. हंटर कमिशनपुढें त्यांनीं १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं जें निवेदन सादर केलें तें सामान्यतः सक्तीच्या शिक्षणाच्या मागणीकरितां उद्धृत होतें, व तें योग्यच आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस शिक्षण सक्तीचें असावें असें त्यांनीं स्पष्ट म्हटलें. परंतु शाळेंत काय शिकवावें ह्याविषयींचा त्यांतील भाग आमच्या विषयास अधिक लागू पडतो. मोडी व बाळबोध दोन्ही लिपींचें वाचनलेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांचीं मूलतत्त्वें, शेतकीचें सोपें ज्ञान, आणि नीति व आरोग्य ह्यांवर कांहीं साधे पाठ, अशी त्यांची यादी आहे. शिक्षक शेतकरी वर्गांतून तयार करावेत, त्यांस नांगराची मूठ व सुताराचा वाकस धरतां यावा, व त्यांनीं गांवच्या खालच्या थरांत मोकळेपणानें मिसळावें, असें ते सांगतात. पगार बारा रुपयांहून कमी नसावा हेंही त्यांत आहे.

ही यादी बारकाईनें पाहिली तर असें दिसेल कीं पंतोजींच्या शाळेंतील हिशेब व मोडी त्यांनीं टाकलीं नाहींत. आणि नव्या शाळेंतील भूगोल व व्याकरणही टाकलें नाहीं. जें दोन्ही शाळांत नव्हतें तें, म्हणजे नांगर, त्यांनीं आंत आणलें. ज्या उतरंडीवर कित्त्याचे मायने उभे होते ती काढून हिशेब तेवढा ठेवावयाचा, असा हा विवेक आहे. पुढें २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्धा येथें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या समितीनें त्याच डिसेंबरांत आपला अहवाल दिला, व सूत, शेती किंवा सुतारकाम ह्यांपैकीं एक उद्योग मध्यें धरून त्याच्या भोंवतीं गणित, भाषा व समाजशास्त्र गुंफावें अशी योजना निघाली, तेव्हां ती फार नवी म्हणून गाजली. वर्ध्याचे विद्वान् फुल्यांचें निवेदन समोर ठेवून बसले होते असा आमचा दावा नाहीं. परंतु पंचावन्न वर्षांपूर्वीं पुण्यांतून तसेंच मागणें झालें होतें, आणि सरकारदप्तरीं तें पडून होतें. ताराबाई मोडक यांनीं १९४५ त बोर्डीस, व पुढें १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह, आदिवासी मुलांकरितां जें काम केलें, मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळा त्यांच्या अंगणांत व गुरें चरतात त्या कुरणांत न्यावी असें जें ठरविलें, तें ह्याच धाग्यांतील होय. त्याचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

उजळणीचें पुढें काय झालें तें सांगून पुन्हां कागदांकडे वळूं. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणें चालू झालें व पाठोपाठ वजनेंमापेंही बदललीं. रुपयाचे शंभर पैसे झाल्यावर पाउणकीचा आधारच गेला. तीं कोष्टकें कांहीं वर्षें पुस्तकांच्या शेवटीं राहिलीं, मग तीं गेलीं. मोडीही त्याच सुमारास शाळेंतून उठली. जीं माणसें औटकी म्हणूं शकतात तीं आतां थोडीं आहेत, आणि त्यांच्या तोंडून ती लिहून घेण्याचें काम आम्ही चालविलें आहे; कारण गांवोगांवीं तिचे सूर व शब्द थोडथोडे निराळे आहेत.

आतां कागदांविषयीं. शाळेच्या बंदांची पारख करतांना कांहीं गोष्टी टिपाव्यात. कित्त्याची ओळ व मुलाची ओळ ह्यांतील हात वेगळे ओळखावेत. पंतोजींचें वळण कोणत्या घराण्याचें आहे तें ठरलें तर बंदाचा प्रांत व अजमासें काळ ठरतो. मजकुरांत मायना असेल तर तो कोणाच्या नांवें आहे तें पाहावें, कारण पंतोजी पुष्कळदां गांवच्याच पाटलाचें, कुळकर्ण्याचें किंवा इनामदाराचें नांव घालीत. हिशेबाचें उदाहरण असेल तर त्यांतील धान्याचा भाव उतरून घ्यावा. तो काल्पनिक असेल, परंतु मुलास समजावा म्हणून गांवच्या बाजारापासून फार दूरचा नसेल. आणि कागद महाग असल्यामुळें मुलें बहुधा रद्द झालेल्या हिशेबांच्या पाठीवर गिरवीत, हें विसरूं नये. एका अंगास शकमितीसह वसुलाची याद व दुसऱ्या अंगास कोणा मुलाच्या वांकड्या रेघा असा बंद मिळाला तर दोन्ही बाजू नोंदवाव्यात, कारण त्या रेघांस पुढल्या बाजूच्या मितीनें आपोआप एक मर्यादा मिळते: त्या तिच्या आधींच्या नसतात. ज्यांच्या संग्रहीं असे बंद असतील त्यांनीं ते बंबांत घालण्यापूर्वीं दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावींत, अथवा आम्हांस कळवावें. उतरून घेण्यास आम्ही स्वतः येऊं.